फुकटच्या उन्हाचा हिशेब

निपाणी, चिकोडी, संकेश्वर, बेळगाव या आपल्या भागात सूर्याला कामाला लावणे ही काही नवी गोष्ट नव्हे. तंबाखू कापून रानातच उन्हात वाळत घातला जातो, आणि त्या उन्हाने त्याला जो कस येतो त्यावरच निपाणीच्या पेठेचे नाव उभे राहिले. संकेश्वरची मिरची उन्हात वाळते. गुऱ्हाळाच्या भट्टीत जाणारी उसाची चिपाडे आधी उन्हात वाळवावी लागतात. घरोघरी पापड, सांडगे, कुरडया यांचे वाळवण उन्हाच्याच भरवशावर होते. सूर्य हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा बिनपगारी गडी आहे असे कोणी म्हटले तर ते वावगे ठरू नये.

अलीकडे या गड्यावर एक नवे काम सोपविण्यात आले आहे. स्लॅबच्या घरांवर, कारखान्यांच्या पत्र्यांवर, विहिरीच्या कडेला, शाळांच्या गच्चीवर निळ्या-काळ्या काचांचे पॅनेल दिसू लागले आहेत. सूर्याने वाळवण तर करावेच, शिवाय दिवा लावावा, पंखा फिरवावा, मोटार चालवावी, अशी आता आपली अपेक्षा आहे. आणि याविषयी बोलताना एक शब्द प्रत्येकाच्या तोंडी असतो, तो म्हणजे ‘फुकट’. सरकारी योजनेच्या नावातही तो आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जी योजना सुरू केली तिचे नावच मुळी ‘पीएम सूर्य घर : मुफ्त बिजली योजना’ असे आहे.

प्रिय वाचकहो, या लेखात मला या एका शब्दाचा विचार करावयाचा आहे. ऊन फुकट आहे यात शंका नाही. ते वाडा आणि झोपडी पाहून पडत नाही, आणि त्याचे बिल आजवर कोणाला आलेले नाही. तथापि उन्हापासून मिळणारी वीजही तशीच फुकट आहे काय? आणि ती फुकट नसेल, तर तिची किंमत कोण भरतो? हा प्रश्न वरवर पाहता शास्त्राचा किंवा अर्थकारणाचा वाटतो, परंतु माझ्या मते तो नीतीचा आहे. कारण जी वस्तू आपल्याला फुकट मिळते असे वाटते, तिची किंमत पुष्कळदा दुसऱ्या कोणीतरी भरलेली असते, आणि ते आपल्या नजरेआड असते.

प्रथम ही वीज तयार कशी होते ते थोडक्यात पाहू. शब्बाथशाळेच्या शिक्षकांना मुले हा प्रश्न विचारतात, म्हणून ते माहीत असलेले बरे. १८३९ साली एडमंड बेक्वेरेल या एकोणीस वर्षांच्या फ्रेंच तरुणाला असे आढळले की, द्रवात बुडविलेल्या धातूच्या पट्ट्यांवर प्रकाश पडला असता विजेचा सूक्ष्म प्रवाह वाहतो. १८८३ च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स फ्रिट्स यांनी सेलेनियम या मूलद्रव्यावर सोन्याचा अतिशय पातळ थर देऊन पहिला सौरघट बनविला. त्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी शंभरातला जेमतेम एक भाग विजेत उतरत असे. प्रकाश हा ऊर्जेच्या लहान लहान पुड्यांच्या रूपाने येतो व पदार्थातील इलेक्ट्रॉनना धक्का देतो, हे १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी समजावून सांगितले, आणि त्याच कामासाठी त्यांना १९२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे एप्रिल १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर व पीअर्सन या तिघांनी सिलिकॉनचा सौरघट लोकांसमोर ठेवला. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. आजच्या सगळ्या पॅनेलचे मूळ तेथे आहे.

सिलिकॉन म्हणजे वाळूतले व गारगोटीतले मूलद्रव्य. पृथ्वीच्या कवचात प्राणवायूच्या खालोखाल तेच आहे. अतिशय शुद्ध केलेल्या सिलिकॉनच्या पातळ चकतीत एका बाजूला बोरॉन व दुसऱ्या बाजूला फॉस्फरस यांचा अत्यल्प अंश मिसळतात. त्यामुळे दोन थर होतात व त्यांच्या सीमेवर एक प्रकारचा विजेचा उतार तयार होतो. प्रकाशाच्या धक्क्याने सुटलेले इलेक्ट्रॉन त्या उतारावरून एकाच दिशेला वाहू लागतात. तोच प्रवाह आपण तारेने बाहेर काढून घेतो. या यंत्रात फिरणारे चाक नाही, धूर नाही, आवाज नाही. सृष्टीतील एवढी सूक्ष्म रचना माणसाच्या हाती लागावी, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही.

या शोधाचा प्रसार सुरुवातीस फार हळू झाला. १९५८ मध्ये ‘व्हॅनगार्ड १’ या उपग्रहावर सौरघट बसविले गेले, कारण अंतराळात दुसरी टिकाऊ सोय नव्हती आणि तेथे पैशाचा विचार कमी होता. भारतात साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९७७ मध्ये देशातील पहिला सौरघट तयार केला. त्या काळात एका वॅटच्या पॅनेलला आजच्या हिशेबाने शंभर डॉलरच्या आसपास खर्च येई. आता तोच खर्च अर्ध्या डॉलरच्याही पुष्कळ खाली आला आहे. २०२२ मध्ये जगातील एकूण सौर क्षमता दहा लाख मेगावॉटच्या पुढे गेली, आणि पुढच्या दोन-अडीच वर्षांत ती दुप्पट झाली. भारताने जानेवारी २०२५ मध्ये एक लाख मेगावॉटचा टप्पा ओलांडला. सूर्यापासून पृथ्वीला तासा-दीड तासात जेवढी ऊर्जा मिळते तेवढी सारी मानवजात वर्षभरात वापरते, हे लक्षात घेतले तर या वाढीला पुढेही पुष्कळ वाव आहे.

येथपर्यंतची हकिकत आनंदाची आहे. आता हिशेबाच्या दुसऱ्या पानाकडे वळू. बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हा दाखला आपल्या परिचयाचा आहे. आपण मात्र पुष्कळदा तो केवळ आपल्या खिशातील पैशापुरता लागू करतो. दुसऱ्याच्या खिशातून, अंगातून आणि जमिनीतून जे जाते तेही खर्चातच धरावयास हवे.

पहिला खर्च आहे तो पदार्थांचा व ते तयार करणाऱ्या हातांचा. गारगोटी फुकट असली तरी तिच्यातून सिलिकॉन वेगळे काढण्यासाठी ती कोळशाबरोबर विजेच्या प्रचंड भट्टीत वितळवावी लागते. पुढे ते शुद्ध करण्यास आणखी वीज लागते. हे काम आज बहुतांशी चीनमध्ये होते. पॅनेल बनविण्याच्या प्रत्येक टप्प्यावर जगाच्या ८० टक्क्यांहून अधिक क्षमता त्या एका देशात आहे. त्यातला मोठा भाग शिनजियांग प्रांतात होता, आणि तेथील उइघुर लोकांना सक्तीने कामाला लावले जाते असे आरोप झाले. चीन सरकारने ते नाकारले. अमेरिकेने मात्र जून २०२२ पासून त्या प्रांतातील मालावर कायद्याने बंदी घातली. स्वस्त पॅनेलच्या स्वस्ताईत कोणाच्या सक्तीच्या श्रमाचा वाटा असेल, तर ती स्वस्ताई आपण निःशंक मनाने घेऊ शकतो काय? विडी स्वस्त का पडते हे निपाणीच्या लोकांना कोणी शिकवावयास नको. ती वळणाऱ्या बाईच्या हजारी मजुरीत त्याचे उत्तर आहे.

सौरघटात चांदीही लागते. सिलिकॉनच्या चकतीवर ज्या बारीक पांढऱ्या रेघा दिसतात त्या चांदीच्या असतात, कारण वीज गोळा करून नेण्यास तिच्यासारखा धातू नाही. आपल्याजवळच्या हुपरीत पिढ्यान्‌पिढ्या चांदीचे पैंजण व दागिने घडतात. जगात दरवर्षी वापरल्या जाणाऱ्या चांदीचा सुमारे सहावा हिस्सा आता सौरघटांत जातो, असे २०२४ चे आकडे सांगतात. म्हणजे हुपरीचा कारागीर आणि चीनमधील पॅनेलचा कारखाना हे एकाच बाजारातले गिऱ्हाईक झाले आहेत. चांदीचा भाव चढण्याला आणखीही कारणे आहेत, तरी दूरच्या एका चांगल्या गोष्टीचा भार जवळच्या एका लहान भट्टीवर कसा येऊन पडतो, हे यावरून ध्यानात यावे. या कारणाने चांदीऐवजी तांबे वापरण्याचे प्रयत्न आता अनेक कारखान्यांत चालले आहेत.

नवे पदार्थ शोधण्याचे काम जगभर जोरात सुरू आहे. सिलिकॉनच्या एकट्या थराला २९ टक्क्यांच्या आसपास निसर्गानेच मर्यादा घातली आहे, आणि बाजारातील चांगले पॅनेल आज २० ते २३ टक्के प्रकाशाची वीज करतात. कॅडमियम व टेल्युरियम यांच्या संयुगाचे पातळ थराचे पॅनेलही वापरात आहेत. त्यांना पदार्थ फार थोडा लागतो, परंतु कॅडमियम विषारी आहे. २००९ मध्ये जपानच्या त्सुतोमु मियासाका व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेरोव्स्काइट नावाच्या रचनेचा पदार्थ वापरून ३.८ टक्के कार्यक्षमता मिळविली. पंधरा वर्षांत ती २६ टक्क्यांवर गेली. सिलिकॉनवर पेरोव्स्काइटचा थर चढवून केलेल्या जोडघटाने तर प्रयोगशाळेत ३४ टक्के ओलांडले. हा पदार्थ कमी उष्णतेवर, जवळजवळ रंगासारखा थर देऊन तयार करता येतो. पण तो ओलाव्याने व उष्णतेने लवकर बिघडतो, आणि त्यात बहुधा शिसे असते. आपल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही पातळ थरांच्या पदार्थांवर अनेक दशके काम झाले आहे, आणि त्या क्षेत्रात प्रा. चंद्रकांत लोखंडे यांचे नाव आदराने घेतले जाते. प्रयोगशाळेतील माणसालाही शेवटी हाच नैतिक प्रश्न पडतो. किती टक्के, एवढेच पाहून भागत नाही. हा पदार्थ पुढे कोणाच्या विहिरीत झिरपेल, तेही त्याला पाहावे लागते.

दुसरा खर्च जमिनीचा. एक मेगावॉट विजेसाठी साधारण चार ते पाच एकर जागा पॅनेलखाली जाते. चिकोडी भागातील इटनाळ येथे कर्नाटक पॉवर कॉर्पोरेशनने २०१० च्या सुमारास ३ मेगावॉटचे केंद्र उभारले. राज्यातील अशा पहिल्या केंद्रांपैकी ते एक होय, आणि त्यामागील हेतू शेतीच्या पंपांना वीज मिळावी हा होता. इतके लहान केंद्र गावाच्या पोटात सामावून जाते. परंतु आपल्याच राज्यात तुमकूर जिल्ह्यातील पावगड येथे पहा. तेथे पाच गावांची सुमारे १३ हजार एकर जमीन २,०५० मेगावॉटच्या सौर उद्यानाखाली गेली. २०१९ च्या अखेरीस ते पूर्ण झाले. सरकारने जमीन काढून घेतली नाही, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. ती भाड्याने घेतली, आणि एकरी वर्षाला २१ हजार रुपये व दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ असा करार सुमारे २,३०० शेतकऱ्यांशी केला. सतत दुष्काळ भोगणाऱ्या त्या कोरड्या मुलखात ज्याची जमीन होती त्याला हा मोठा आधार झाला.

पण ज्याची जमीन नव्हती त्याचे काय? त्या रानांत भुईमूग काढणाऱ्या, खुरपणी करणाऱ्या मजुरांना कोणी भाडे दिले नाही, कारण भाडे मालकाला मिळते, मजुराला नाही. मेंढरांची चराईची राने कुंपणाआड गेली. काहींना पॅनेल पुसण्याचे, गवत काढण्याचे, राखणीचे काम मिळाले, पण ते सर्वांना पुरणारे नव्हते. पलीकडे महाराष्ट्रात ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी’ योजनेत खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे ठरले आहे, आणि अनेक ठिकाणी गायरानेही या कामी दिली जात आहेत. गायरान कोणा एकाचे नसते, म्हणून ते देणे सोपे जाते. परंतु ज्याला स्वतःचे रान नाही त्याची शेळी तेथेच चरत असते. सर्वांचे म्हणून जे असते ते खरे पाहता गरिबाचे असते. ते घेताना त्यालाच विचारले जात नाही, ही आपल्या समाजाची जुनी सवय आहे.

तिसरा खर्च पाण्याचा. आपल्याकडील उसाच्या शेतकऱ्याला थ्री फेज लाइट पुष्कळदा रात्री मिळते. काळोखात, चिखलात, सापकिरडांच्या भीतीत तो पाणी पाजावयास जातो. सौरपंपामुळे हे काम दिवसा होणार असेल, तर तो त्याच्यावर व त्याच्या घरच्यांवर मोठाच उपकार आहे, आणि याचा आनंद आपण मोकळ्या मनाने मानला पाहिजे. मात्र उन्हावर चालणारी मोटार बंद करण्याचे कारणच उरत नाही. बिल नाही, डिझेल नाही, मग पाणी का थांबवावे? कृष्णाकाठाने शिरोळपासून चिकोडी, रायबाग, अथणीपर्यंत किती रान क्षारपड होऊन बसले आहे ते आपण पाहतोच. काळ्या जमिनीला गरजेपेक्षा अधिक पाणी पाजल्याने व निचरा न ठेवल्याने मीठ वर आले, आणि जेथे ऊस डोक्यावर जात होता तेथे आज गवतही धड उगवत नाही. ते पाणीही त्या वेळी स्वस्तच वाटले होते. जमिनीने त्याची किंमत वीस-तीस वर्षांनी वसूल केली. सौरपंपाबरोबर ठिबकची सोय व पाण्याचा माप ठरविण्याची शिस्त आली नाही, तर ही चूक आपण अधिक वेगाने पुन्हा करू.

चौथा प्रश्न वाटणीचा आहे. छतावर पॅनेल बसविणाऱ्या घराला सरकार एका किलोवॉटला ३० हजार, दोन किलोवॉटला ६० हजार, व तीन किंवा अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान देते. ही मदत योग्यच आहे. परंतु ती घ्यावयास आधी स्वतःचे पक्के छत हवे, आणि उरलेली रक्कम भरण्याची ऐपत हवी. भाड्याच्या खोलीत राहणारा गिरणी कामगार, कौलारू घरातली विडी वळणारी विधवा, परगावाहून आलेली ऊसतोड टोळी यांना छतच नाही. शेजारच्या पाकिस्तानात २०२४ या एका वर्षात सुमारे १७ हजार मेगावॉटचे पॅनेल आयात झाले. ज्यांना जमले त्यांनी आपापल्या छतावर वीज करून घेतली. तारा, खांब व वीजकेंद्रांचा ठरलेला खर्च मात्र होता तेवढाच राहिला, आणि त्याचा वाटा उरलेल्या ग्राहकांवर वाढत गेला. म्हणजे ज्याने आपली वीज फुकट केली त्याचे ओझे नकळत त्याच्या गरीब शेजाऱ्याच्या बिलात जाऊन बसले. कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजनेखाली महिना २०० युनिटपर्यंत घरगुती विजेचे बिल माफ आहे, म्हणून आपल्याला आज याची झळ जाणवत नाही. ती रक्कमही कोणीतरी भरतच असतो, हे मात्र विसरू नये.

या बाबतीत विडी वळणाऱ्या बायांच्या घरातील दिव्याचा विचार मी पुष्कळदा करतो. सौरदिव्याने त्यांच्या डोळ्यांवरचा ताण कमी होतो, मुलाला त्याच उजेडात अभ्यास करता येतो, रॉकेलचा धूर छातीत जात नाही. हे सारे खरे. पण उजेड वाढला म्हणून हजारी दर वाढत नाही. पूर्वी अंधार पडल्यावर सूप बाजूला ठेवावे लागे, आता रात्री दहापर्यंत हात चालू राहतात. दिवा तोच; तो माणसाला विसावा देणार की त्याचा विसावा काढून घेणार, हे दिव्यावर अवलंबून नसते. ते मजुरी ठरविणाऱ्यांवर अवलंबून असते. विज्ञान आपल्याला साधन देते. न्याय मात्र आपल्याला आपणच करावा लागतो.

पाचवा खर्च पुढच्या पिढीचा. चांगले पॅनेल पंचवीस वर्षे टिकते. त्यानंतर? त्याच्या वजनातील सुमारे तीन-चतुर्थांश भाग काच असते, बाकी ॲल्युमिनियमची चौकट, प्लॅस्टिकचे थर, सिलिकॉन, तांबे, थोडे शिसे व किंचित चांदी. हे सारे एकमेकांना इतके घट्ट चिकटविलेले असते की वेगळे करणे महाग पडते. जगात २०५० पर्यंत अशा टाकाऊ पॅनेलचा ढीग ७ कोटी ८० लाख टनांपर्यंत जाऊ शकेल, असा अंदाज आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेने २०१६ मध्ये केला होता. भारतात एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलचा समावेश झाला आहे, ही चांगली सुरुवात होय. आज ज्या मुलांना आपण शब्बाथशाळेत पुढच्या बाकावर बसवतो, ती चाळिशीच्या आत-बाहेर असताना हा ढीग त्यांच्या दारात येईल. आपला दिवा आणि त्यांचा कचरा, ही वाटणी न्यायाची म्हणता येणार नाही.

पंचवीस वर्षे तरी दूर. निगा नसेल तर पाच वर्षेही पुरतात. बिहारमधील धरणई या गावी २०१४ मध्ये मोठ्या उत्साहाने सौर विजेचे केंद्र उभारण्यात आले व त्याचा देशभर गाजावाजा झाला. पुढे बॅटऱ्या निकामी झाल्या, सरकारी तारेची वीज आली, केंद्राकडे कोणी पाहिनासे झाले, आणि काही वर्षांनी त्या आवारात गुरे बांधलेली लोकांनी पाहिली. उलट बाजूचेही उदाहरण आहे. मुंबईच्या आयआयटीने दहा लाख विद्यार्थ्यांना सौरदिवे देण्याचा जो उपक्रम हाती घेतला, त्यात दिवे फुकट वाटले नाहीत. १२० रुपये घेतले, आणि ते जोडण्याचे व दुरुस्त करण्याचे काम गावातल्याच लोकांना शिकविले. बंगळूरच्या हरीश हांडे यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या ‘सेल्को’ या संस्थेनेही हेच ओळखले. गरिबाला महिन्याचे तीनशे रुपये जड जातात, पण रोजचे दहा झेपतात. म्हणून त्याच्या मिळकतीच्या चालीने हप्ता बांधावा, बँकेचे कर्ज मिळवून द्यावे, आणि बिघाड झाला तर माणूस दारी पाठवावा. या कामासाठी हांडे यांना २०११ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्याने थोडे तरी मोल दिले, त्याला वस्तू आपली वाटते. ज्याला दुरुस्ती येते, त्याची वस्तू टिकते.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, मग सौर विजेच्या नादी लागूच नये काय? असा माझा मुळीच अभिप्राय नाही. पॅनेल तयार करण्यास जेवढी ऊर्जा खर्ची पडते तेवढी ते आपल्या देशातील उन्हात साधारण एक-दीड वर्षात परत देते, आणि उरलेली तेवीस-चोवीस वर्षे कमाईचीच असतात. कोळशाच्या बाबतीत असे म्हणता येत नाही. तो रोज जाळावा लागतो, आणि त्याची राख व धूर शेजारच्या गावांनी सोसावा लागतो. पाण्याच्या विजेलाही किंमत होतीच. शरावतीच्या व कोयनेच्या विजेने आपली शहरे उजळली, तेव्हा धरणाखाली ज्यांची घरे व शेते बुडाली त्यांच्यापैकी कित्येकांच्या नातवंडांना आजही जमिनीच्या कागदासाठी फिरावे लागते. तात्पर्य, ज्याला काहीच किंमत नाही असा दिवा माणसाने अद्याप लावलेला नाही. सूर्याचा दिवा त्या सगळ्यांत कमी नुकसानीचा आहे असे मला वाटते. म्हणूनच तो न्यायाने लावला जावा, हा आग्रह.

‘फुकट’ या शब्दाची अडचण अशी की तो कानी पडताच माणूस प्रश्न विचारणे सोडून देतो. विकत घेतलेल्या भाजीचे वजन आपण दोनदा पाहतो, पण फुकट मिळालेल्या वस्तूचा पत्ता विचारत नाही. दान आणि फुकट यांत मोठा फरक आहे. दान म्हटले की देणाऱ्याची आठवण राहते, आणि घेणाऱ्यावर जबाबदारी येते. फुकट म्हटले की दोन्ही सुटतात. ऊन हे दान आहे. त्याचे आपण मालक नाही, कारभारी आहोत, आणि कारभाऱ्याला हिशेब द्यावा लागतो.

आपल्या भागातील काही मंडळ्यांत उपासनामंदिराच्या किंवा शाळेच्या छतावर पॅनेल बसविण्याचा विचार चालू आहे. पंचमंडळाने निर्णय घेण्यापूर्वी काही साधे प्रश्न स्वतःला विचारावेत. हे पॅनेल कोणाकडून घेतो, आणि बिघडल्यास पाच वर्षांनी कोण येईल? मंडळीतील एखाद्या होतकरू तरुणाला हे काम शिकविता येईल काय? पंचवीस वर्षांनी ते परत नेण्याची जबाबदारी कोणाची, हे कागदावर लिहून घेतले आहे काय? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, बिलात जी बचत होईल ती कोठे जाईल? उपासना बहुधा रविवारी सकाळी दोन-तीन तास असते. उरलेले सहा दिवस छतावर ऊन पडतच राहते. मंदिराची जास्तीची वीज हेस्कॉमच्या तारेत जाऊन बिल कमी होत असेल, तर त्या बचतीतून मंडळीतील भाड्याने राहणाऱ्या, छत नसलेल्या कुटुंबाच्या एका दिव्याची सोय होऊ शकते. असे झाले तर छतावर पडलेले ऊन छत नसलेल्यापर्यंत पोहोचले असे म्हणता येईल.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनाही एक विनंती आहे. मुलांना सौर विजेविषयी सांगाल तेव्हा बेक्वेरेलची व आइन्स्टाइनची गोष्ट अवश्य सांगा, त्यांना नवल वाटू द्या. त्याचबरोबर एका पॅनेलचे चित्र फळ्यावर काढून विचारा, की याला कोणाकोणाचे हात लागले आहेत? गारगोटी फोडणारा, भट्टीसमोर उभा राहणारा, चांदी खणणारा, काच उचलणारा, जमीन भाड्याने देणारा, आणि त्याच जमिनीवरचे काम गमावलेला मजूर. मुले एकेक नाव सांगत जातील, आणि फळ्यावर जागा उरणार नाही. ज्या मुलाला हे हात दिसू लागले, ते मोठेपणी कोणतीही वस्तू फुकट आहे असे सहसा म्हणणार नाही. ते आधी विचारील, ‘याचे मोल कोणी दिले?’ आणि नंतर आपल्या वाट्याचे मोल आपण होऊन देईल.